अंकी आठ महिने वापरल्यावर: कार्डं उत्तम, पण आधी कॉम्प्युटरची तारीख बघा

अंकी म्हणजे प्रश्नोत्तरांची कार्डं विसरायच्या बेतात असताना पुन्हा समोर आणणारा अभ्यासाचा प्रोग्राम. तो कुठून उतरवायचा, कार्ड कसं बनवायचं हे बहुतेकांना माहीत आहे, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. तलाठी आणि ग्रामसेवक भरतीच्या तयारीसाठी घरच्या जुन्या डेस्कटॉपवर आठ महिने रोज वापरल्यानंतरचा हा अनुभव आहे. लिहायला बसण्याचं कारण एकच, मदरबोर्डवरचा पन्नास रुपयांच्या आतला बटन सेल. तो मरायला टेकला आणि अंकीचं सगळं वेळापत्रक विस्कटलं. त्यावर मराठीत कुठे नीट लिहिलेलं सापडलं नाही.

अंकीला तुमच्या अभ्यासाचा दिवस ठाऊक नसतो. कॉम्प्युटरचं घड्याळ सांगेल तोच त्याचा आजचा दिवस. कार्ड आज दाखवायचं की बावीस दिवसांनी, हे तो त्या घड्याळावरून ठरवतो. कॉम्प्युटर बंद असताना हे घड्याळ त्या सेलवर चालतं. प्लग लावलेला असेल तर मदरबोर्डाला थोडी वीज मिळत राहते आणि सेलवर भार येत नाही. आपल्याकडे तसं होत नाही. लाइन तासन् तास जाते, आणि विजा चमकायला लागल्या की घरातले भिंतीवरच्या स्विचबोर्डाचं बटनच बंद करतात (ते बरोबरच आहे, तेवढं कराच). मग पूर्ण भार सेलवर येतो आणि शहरातल्या मशीनपेक्षा तो लवकर संपतो.

सेल पूर्ण मेला तर लगेच कळतं. तारीख कित्येक वर्षं मागे जाते, सुरू होतानाच काळ्या पडद्यावर एफ-१ दाबायला सांगतो, नेट जोडलं तरी वेबसाइट उघडत नाहीत. खरा घात अर्धमेला सेल करतो. रात्री नऊला मशीन बंद केलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडलं, तर घड्याळात अजून आदल्या रात्रीचे साडेनऊच. अंकीच्या दृष्टीनं दिवस बदललेलाच नाही. आजची नव्वद कार्डं वाट बघत असतात आणि पडद्यावर मात्र डेक (कार्डांचा गठ्ठा) पूर्ण झाल्याबद्दल अभिनंदन येतं. अभ्यास करणारा निश्चिंत मनानं उठून जातो. असे चार दिवस गेले की विसरलेल्या कार्डांचा ढीग एकदम अंगावर येतो, आणि आपण म्हणतो, हा प्रोग्राम काही खरा नाही.

उलट्या दिशेची चूक याहून वाईट. नवा सेल टाकल्यावर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) तारीख हातानं भरावी लागते आणि तिथे बहुतेक मशीनवर आधी महिना, मग दिवस असतो. ६ एप्रिलला आपल्या सवयीनं ०६/०४ भरलं की मशीन ४ जूनमध्ये जातं. दोन महिन्यांची कार्डं त्याच दिवशी उघडतात. ती तुम्ही सोडवलीत, तर अंकी समजतो की इतका उशीर होऊनही याला आठवलं, म्हणजे कार्ड पक्कं झालं. पुढची उजळणी तो आणखी लांब ढकलतो, तीही जूनपासून मोजून. नंतर तारीख सुधारली तरी ती कार्डं कित्येक महिने तोंड दाखवत नाहीत. परीक्षा त्याच्या आत होऊन जाते.

दुरुस्ती अशी करा. मशीन बंद करून प्लग काढा, पॉवरचं बटन पाच-सात सेकंद दाबून धरा, बाजूचं झाकण उघडा. गोल चपटा सेल दिसेल, त्यावर २०३२ लिहिलेलं असतं. २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट. बाजूची बारीक पट्टी नखानं दाबली की तो वर येतो. नवा टाकताना अधिक चिन्ह वरच्या बाजूला. यासाठी मशीन तालुक्याला न्यायची गरज नाही, आणि कोणी ‘बोर्ड गेला’ म्हणालं तर आधी सेल बदलून बघा, मगच पैसे काढा. नंतर डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसमध्ये जा आणि महिना आधी आहे हे बघूनच तारीख भरा.

पुढची पायरी लोक गाळतात. विंडोज नेटवरून वेळ जुळवतं खरं, पण फरक पंधरा तासांपेक्षा जास्त असेल तर साधारणपणे ते जुळवायला नकार देतं. म्हणून आधी हातानं तारीख आणि अंदाजे वेळ बरोबर करा, फोनचं हॉटस्पॉट लावा आणि मगच सेटिंगमधलं ‘सिंक नाऊ’ दाबा. टाइम झोन चेन्नई-कोलकाता-मुंबई-नवी दिल्लीचा, म्हणजे साडेपाच तास पुढचा आहे का तेही तिथेच दिसेल. अंकीवेबशी, म्हणजे अंकीच्या ऑनलाइन खात्याशी, सिंक करणाऱ्यांना एक आधार आहे. घड्याळ पाच मिनिटांहून जास्त चुकलं असेल तर सिंक अडतं आणि वेळ तपासायला सांगतं. वैतागून सिंक बंद करू नका. आठ महिन्यांत या प्रोग्रामनं दिलेला सगळ्यात उपयोगी इशारा हाच होता.

चुकीच्या तारखेत कार्डं सोडवून झाली असतील तर दोन वाटा आहेत. नुकसान कालपरवाचंच असेल तर जुना बॅकअप उघडा. फाइल मेनूत स्विच प्रोफाइलमध्ये जा, तिथे ‘ओपन बॅकअप’ आहे. अंकी चालू असताना ठरावीक वेळानं आपोआप बॅकअप घेत असतो. फक्त त्यात चित्रं आणि आवाज नसतात, ते वेगळ्या फोल्डरमध्ये जागच्या जागी राहतात. नुकसान जुनं असेल तर ब्राउझ उघडा, ‘ड्यू’च्या रकान्यावर क्लिक करून तारखेप्रमाणे क्रम लावा, लांब गेलेली कार्डं निवडा आणि ‘सेट ड्यू डेट’ वापरा. तिथे इंग्रजी आकड्यांत एक ते सात अशी मर्यादा मधे आडवी रेघ देऊन लिहिली की ती कार्डं येत्या आठवड्यात विखरून येतात. सगळी आजच ओढली तर तीनशे कार्डं पुढ्यात येतील आणि दोन दिवसांत अभ्यास बंद पडेल.

घड्याळाचंच आणखी एक. अंकीचा दिवस मुळात पहाटे ४ वाजता बदलतो. शेतीच्या लाइनच्या पाळीमुळे किंवा शांतता मिळावी म्हणून पहाटे तीनला उठून अभ्यास करणारी मुलं खेड्यात भरपूर आहेत. त्यांचा तीन ते चारचा तास कालच्या खात्यात जातो आणि आजची कार्डं चारनंतरच दिसतात. प्रेफरन्सेसमध्ये ‘नेक्स्ट डे स्टार्ट्स ॲट’ हा आकडा २ करा.

आता बाकीचं. रोज नवी २० कार्डं ही मूळ सेटिंग आहे, तेवढी घेऊ नका. नव्या कार्डांच्या साधारण दहापट उजळणी काही आठवड्यांत रोजची होते. वीस घेतली तर दोनशे. सोयाबीन काढणी आणि कापसाच्या वेच्याच्या दिवसांत दोनशे कार्डं कोणाच्यानं होत नाहीत. रोज दहा नवी घ्या, हंगामात शून्य करा आणि उजळणी मात्र सुरू ठेवा. शून्य केल्यानं काही बिघडत नाही. उजळणी थांबली की बिघडतं.

उत्तर बघितल्यावर दाबायच्या चार बटनांबद्दल (अगेन, हार्ड, गुड, इझी) मत मधेच बदललं. पहिले तीन महिने ‘हार्ड’चा सढळ वापर चांगला वाटत होता. तो चुकीचा होता. ‘हार्ड’ म्हणजे आठवलं, पण कष्टानं. आठवलंच नसेल तर ‘अगेन’. जुन्या पद्धतीत प्रत्येक ‘हार्ड’ला कार्डाचा गुणक (पुढचं अंतर किती पट वाढवायचं ते ठरवणारा टक्क्यांचा आकडा) १५ ने घटतो, २५० वरून घसरत १३० पर्यंत जातो, आणि मग तेच कार्ड सारखं तोंडावर येतं. ही जुनी पद्धत पिओत्र वोझ्नियाक यांच्या १९८७ च्या एसएम-२ या उजळणीच्या सूत्रावर बेतलेली आहे. २०२३ च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून डेक ऑप्शन्समध्ये एफएसआरएस ही नवी पद्धत मिळते. तिची गरज नाही असं आधी वाटायचं. सुरू केल्यावर त्याच टिकाऊपणासाठी उजळणी बरीच कमी झाली. अपेक्षित आठवण (कार्ड समोर येईल तेव्हा ते आठवण्याची शक्यता) ०.९० वरच राहू द्या, ०.९५ केली तर कामाचा डोंगर होतो. पण ही पद्धत तुमच्या जुन्या उजळण्यांच्या नोंदींवरून शिकते. म्हणजे तारीख चुकलेली असेल तर ती चुकीचंच शिकणार. आधी सेल, मग एफएसआरएस.

कार्ड बनवताना सगळ्यात मोठा त्रास फॉन्टचा. क्लासच्या नोट्स अजूनही कृतिदेव किंवा श्रीलिपीत फिरतात. त्या सरळ चिकटवल्या की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, त्यामुळे आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलल्यावर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास घसरते, म्हणून एकेक ओळ वाचा. एक्सेलमधून यादी आणायची तर साधं सीएसव्ही चालत नाही, मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा. पहिल्या रकान्यात प्रत्येक कार्डाचा मजकूर वेगळा हवा. दोन ओळींचा पहिला रकाना सारखा असेल तर अंकी त्यांना एकच समजतो आणि तुमची ओळ हरवते. कार्डाच्या स्टाइलिंगमध्ये एरियल २० असतं, तिथे निर्मला यूआय २८ करा, जोडाक्षरं स्वच्छ दिसतात. उत्तर टाइप करायचा प्रकार मराठीसाठी घेऊ नका. चूक दाखवताना तो काना-मात्रा अक्षरापासून तोडून रंगवतो आणि वाचता येत नाही.

कार्ड लहान हवं. ‘गाव नमुन्यांची माहिती लिहा’ हे कार्डच नाही. ६ म्हणजे फेरफार, ७ म्हणजे अधिकार अभिलेख, ८-अ म्हणजे खातेदाराच्या जमिनी, १२ म्हणजे पिकं, ही चार वेगळी कार्डं करा आणि उलट दिशेचीही चार करा. तरीही ६ आणि ७ एकमेकांत अडकतात. एकच कार्ड आठ वेळा चुकलं की अंकी त्याला ‘लीच’, म्हणजे जळू, अशी खूण लावतो. अशा कार्डाला आणखी रेटू नका, ते मोडून पुन्हा बांधा. नमुना ७ आणि १२ मिळून सातबारा, हे घरात सगळ्यांना माहीत असतं, तिथून कार्ड बांधलं की ७ पक्का होतो आणि ६ आपोआप वेगळा पडतो. जिल्ह्यांच्या तारखांचं तेच. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून, वाशिम १ जुलै १९९८ ला अकोल्यातून, गोंदिया १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून. तारीख एका कार्डावर, मूळ जिल्हा दुसऱ्यावर. दोन्ही एकत्र ठेवलं की अर्धं आठवतं आणि हात ‘गुड’वर जातो.

लाइन अचानक गेली तर घाबरू नका, बहुधा शेवटचं एखाद-दुसरं कार्डच जातं. उघडल्यावर टूल्समधून ‘चेक डेटाबेस’ एकदा चालवा. दर रविवारी एक्सपोर्ट करून, वेळापत्रक आणि मीडिया दोन्हींवर खूण करून, प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. चालू संग्रह मात्र पेनड्राइव्हवरून कधीच उघडू नका, अर्ध्या लिहिण्यात लाइन गेली तर तोच खराब होतो.

पैशाचं म्हणाल तर डेस्कटॉपवर अंकी फुकट, अँड्रॉइडवरचं अंकीड्रॉइडही फुकट. विकत घ्यावं लागतं ते फक्त आयफोनवरचं. आठ महिन्यांचा एकूण खर्च एक सेल आणि एक पेनड्राइव्ह. सेल बदलल्याची तारीख पांढऱ्या पट्टीवर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा, आणि रोज पहिलं कार्ड उघडण्याआधी उजव्या कोपऱ्यातली तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून बघा.