दोन गुंठ्यांत काय पाळावं: कोंबड्या, लावे, शेळी की मधमाश्या?

शहराच्या कडेला दोन गुंठ्यांचा प्लॉट, त्यात घर, मागे चार-पाचशे चौरस फूट मोकळी जागा आणि वर गच्ची. पुणे, नाशिक, सातारा, सांगली, कुठेही असं घर बांधलेल्यांना दोन-तीन वर्षांत एकच प्रश्न पडतो. मेथी झाली, मिरची झाली, शेवग्याला शेंगा लागल्या. आता अंडी किंवा दूधही घरचंच का नको? मग कोणी कडकनाथ सुचवतं, कोणी लावे, आणि नात्यातलं कोणीतरी ‘एखादी शेळी बांधा, तिला काय लागतंय खायला’ असं म्हणून निघून जातं.

लागतं. तिथेच तर सगळं अडतं. प्राणी काय देतो हे पाहून बहुतेक जण निवड करतात. माझ्या मते आधी पाहावं ते वेगळंच: त्याला रोज खायला काय लागतं, त्यातलं आपल्या आवारातून किती निघतं, आणि गणपतीत आठ दिवस गावी गेलात तर मागे त्याच्याकडे कोण बघणार.

कोंबड्या

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. हे माहीत नसल्यामुळे अनेक जण एक कोंबडा घेतातच, आणि पहाटे चारला आरवणं सुरू झालं की शेजारी दारात उभा राहतो. कोंबड्याविना मिळालेली अंडी उबवता येत नाहीत, एवढाच फरक. खायला ती तशीच. अर्थात अंडं घातल्यावर कोंबडीही गल्लीला ऐकू जाईल असा गलका करते, पण तो दिवसा, आणि थोडा वेळ.

जातीच्या बाबतीत नावाला भुलू नका. अस्सल गावरान कोंबडी वर्षाला ६०-८० अंडी देते आणि मधेच खुडूक होऊन, म्हणजे अंडी थांबवून उबवायला, बसते. कडकनाथ मूळ मध्य प्रदेशातल्या झाबुआची, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. भाव चांगला, पण अंडी शंभराच्या आसपासच. घरच्या अंड्यांसाठी मी ग्रामप्रिया सुचवेन. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसातल्या पालनासाठीच ती तयार केली. अंडं तपकिरी, आणि नीट खाद्य मिळालं तर वर्षाला १६०-१८० अंडी परसातही मिळतात. त्याच संस्थेची वनराजा अंगाने भरदार, पण अंड्यांना कमी. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज या दोघींच्या मधली.

आता हिशेब. एका कोंबडीला दिवसाला साधारण ११०-१२० ग्रॅम खाद्य लागतं. पाच कोंबड्यांना महिन्याला १८ किलो. लेअर खाद्य (अंड्यांवरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) किरकोळीत किलोला ३५-४० रुपये धरलं तर खर्च साडेसहाशे-सातशे, आणि अंडी मिळतात ७०-७५. म्हणजे एक अंडं नऊ रुपयांच्या पुढेमागे पडलं. दुकानातलं पांढरं अंडं याहून स्वस्त मिळतं. ‘घरचं स्वस्त पडतं’ हे डोक्यातून काढून टाका. शहरात गावरान म्हणून विकल्या जाणाऱ्या अंड्याशी तुलना केली तरच हिशेब जमतो. पण हाच खर्च खाली आणणं कोंबडीच्या बाबतीत शक्य असतं. भाजीची देठं, उरलेला भात, पोळीचे तुकडे, टाकीतला अॅझोला (पाण्यावर तरंगणारी हिरवी वनस्पती), वाफ्यातल्या अळ्या आणि गोगलगायी हे सगळं ती खाते. पूर्ण पोट त्यावर भरत नाही, तसं भरवायला गेलात तर अंडी बंद होतील. पण खाद्याचा तिसरा हिस्सा वाचतो. सोबत शिंपल्याचा चुरा ठेवा, नाहीतर अंड्याचं कवच पातळ येतं.

जागा फार लागत नाही. रात्रीच्या खुराड्यात कोंबडीमागे दोन-तीन चौरस फूट, दिवसा फिरायला आठ-दहा. मात्र भाजीचे वाफे आणि कोंबड्या यांच्यात जाळी हवीच. रुजत घातलेला मेथीचा वाफा त्या अर्ध्या तासात उकरून ठेवतात. खुराड्याची जाळी अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली घ्या. षटकोनी छिद्रांची स्वस्त जाळी कोंबडीला आत ठेवते, घुशीला आणि मुंगसाला बाहेर ठेवत नाही. खाद्य पत्र्याच्या डब्यात ठेवा. सांडलेल्या दाण्याला उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

लसीकरणाची अडचण कोणी आधी सांगत नाही. मानमोडी (राणीखेत) या रोगाची लस द्यायलाच हवी, पण तिची कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची असते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी कोण ती फोडणार? एक तर आसपासच्या कोंबडीवाल्यांशी ठरवून एकाच दिवशी सगळ्यांच्या कोंबड्यांना द्या, नाहीतर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात वार विचारून ठेवा.

बर्ड फ्लूचंही आधीच माहीत असू द्या. २००६ मध्ये नवापूरला आणि २०२१ मध्ये परभणीतल्या मुरुंब्याला तो आला, तेव्हा बाधित क्षेत्रातले सगळे पक्षी नष्ट केले गेले. त्यात मोठी पोल्ट्री आणि परसातल्या चार कोंबड्या असा भेद होत नाही. भरपाई मिळते, मुलांनी नावं ठेवलेल्या कोंबडीची भरपाई कशी करायची हे ज्याचं त्याने ठरवावं. तसंच दुसऱ्या वर्षानंतर अंडी घटतात, कोंबडी मात्र पुढे आणखी चार-पाच वर्षं जगू शकते. ती खायची, द्यायची की सांभाळायची, हे घरात आधीच बोलून घ्या.

लावे

जपानी लाव्याची जाहिरात जोरात असते. सहा-सात आठवड्यांत अंडी सुरू, दहा पक्षी दोन बाय तीन फुटांच्या पिंजऱ्यात, आवाज कमी. सगळं खरं आहे. कोंबडीला अंड्यावर यायला पाच-सहा महिने लागतात, तिथे लावा दीड महिन्यात कामाला लागतो. फ्लॅटच्या बाल्कनीत कोणी पक्षी पाळणारच असेल तर लावेच.

पण अंडं जेमतेम दहा ग्रॅमचं. पाच अंडी फोडली की कोंबडीच्या एका अंड्याएवढं होतं. दहा माद्या महिन्याला दोनशेच्या आसपास अंडी देतील, म्हणजे कोंबडीची चाळीस. खाद्य लागेल आठ-नऊ किलो, आणि ते जास्त प्रथिनांचं, म्हणून महाग. हिशेब पुन्हा नऊ-दहा रुपयांवरच येऊन थांबतो. फरक हा की इथे तो कमी करता येत नाही. लावा आवारात चरत नाही, सोडला की उडून जातो, आणि स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं देऊन त्याचं भागत नाही. या जातीची मादी अंड्यावर बसणंही विसरली आहे; पिल्लं हवीत तर इन्क्युबेटर घ्या. पिंजऱ्याखालचा ट्रे दोन दिवस काढला नाही तर अमोनियाचा वास डोळ्यांत जातो. बागेशी ज्याचं काही देणंघेणं नाही असा हा पक्षी आहे, म्हणून मोकळी जागा असलेल्याने कोंबडी सोडून त्याच्याकडे वळू नये.

शेळी

शेळीबद्दल लोक सगळ्यात कमी विचार करतात, आणि सगळ्यात जास्त विचार तिचाच करावा लागतो. उस्मानाबादी आणि संगमनेरी या आपल्याकडच्या काटक जाती. उस्मानाबादीला जुळी करडं नेहमीची. दूध रोज अर्धा ते दीड लिटर, चहापुरतं आणि लहान मुलापुरतं भरपूर. लेंडीखत तर उत्तम. दख्खनच्या पठारावरचे शेतकरी धान्य आणि पैसे देऊन शेतात धनगरांची मेंढरं बसवतात, ते उगाच नाही.

चाऱ्याचं मात्र पाहा. मध्यम शेळीला दिवसाला चार-पाच किलो हिरवा चारा, किलोभर कोरडा आणि पाव किलो खुराक. शेळी एकटी राहत नाही, ओरडून गल्ली डोक्यावर घेते, म्हणून दोन तरी हव्यातच. दोघींना नऊ-दहा किलो हिरवं. नेपियर गवत बारमाही पाण्यावर एकरी वर्षाला ८०-१०० टन निघतं असं धरलं तर गुंठ्याला दोन-अडीच टन, म्हणजे दिवसाला सहा-सात किलो. दोन शेळ्यांच्या नुसत्या गवताला दीड गुंठा. तुमचा अख्खा प्लॉट, घरासकट, दोन गुंठ्यांचा. कुंपणाला शेवरी, हादगा, सुबाभूळ लावून थोडा हातभार लागेल, बाकी चारा रोज विकत.

शिवाय दूध हवं तर शेळी व्यायला हवी. दर तीन आठवड्यांनी ती माजावर येते आणि त्या रात्री कोणी झोपत नाही. गाभण काळ पाच महिने. मग करडं होतात, त्यातली निम्मी बोकडं. त्यांचं काय करायचं? शेळीपालनाचा सगळा हिशेब बोकड विकण्यावर उभा आहे. ज्याला ते जमणार नाही त्याने फक्त दुधासाठी शेळी घेऊ नये. बरं, शेळीला खायला घालायला शेजारीण आठवडाभर येईलही, पण दूध कोण काढणार?

शेजारी पडीक जमीन आहे, घरात कोणी लहानपणी शेळ्या वळल्या आहेत आणि वर्षभर कोणी ना कोणी घरी असतं, अशांनीच शेळी बांधावी.

मधमाश्या, आणि गांडुळं

मधासाठी म्हणून पेटी घेऊ नका. सातेरी या देशी मधमाशीची पेटी चांगल्या भागात वर्षाला पाच-सात किलो मध देईल; शहरात तेवढा फुलोरा असेलच असं नाही, आणि पावसाळ्यात साखरेचा पाक पाजावा लागतो. शेजारी लहान मुलं असतील तर डंखाचा विषय निघतोच. नगरपालिकेची डासांसाठीची धूरफवारणी आली की वसाहत धोक्यात. पण भोपळा, काकडी यांची फुलं गळत असतील तर माश्यांचा फायदा थेट वेलावर दिसतो. त्यासाठी बिनडंखाची पोया माशी पुरते. मध चमच्याने मोजण्याइतका, त्रास जवळपास शून्य. आधी शिकायचं असेल तर पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे.

सशांबद्दल एकच वाक्य: आपल्या एप्रिल-मेचं ऊन त्यांना सोसत नाही.

आणि ज्यांना वर्षातून चारदा गावी जायचंय, त्यांनी गांडुळं पाळावीत. हसू नका. ओला कचरा खातात, ओरडत नाहीत, पंधरा दिवस सोडून गेलात तरी चालतं, आणि गच्चीवरच्या कुंड्यांना हलकं खत मिळतं. भिजलेली साधी माती घनफुटाला ४५-५० किलो भरते, त्यामुळे स्लॅबचा विचार करणाऱ्याला हे हलकेपण मोलाचं.

मग घ्यायचं काय?

फ्लॅट असेल तर गांडुळं आणि पोया. अंगण असेल तर चार-पाच ग्रामप्रिया, कोंबड्याविना. खाली तूस किंवा लाकडाचा भुसा पसरून गादी करा; तीच गादी सुक्या पाल्यात मिसळून दोन-तीन महिने कुजू द्या आणि मग वाफ्यात घाला. ताजी विष्ठा उष्ण असते, रोपं जळतात. जनावरं-पक्षी पाळण्याचे नियम प्रत्येक शहरात आणि प्रत्येक सोसायटीत वेगळे, तेव्हा खुराडं बांधण्याआधी महापालिकेत विचारून घ्या.

एक दिवसाची पिल्लं घेऊ नका. त्यांना ऊब देणं नवख्याला जमत नाही. लस झालेल्या आठ-दहा आठवड्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, घ्या. खडकी, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत, तिथे चौकशी करा. मागणी जास्त असते, नाव आधी नोंदवावं लागतं. पावसाळ्यात आणू नका, ओल्या गादीवर रक्ती हगवण पटकन लागते. दिवाळीनंतर आणलेल्या तलंगा संक्रांत उलटल्यावर अंड्यावर येतात. तोवर खुराड्यावर सावलीला काय चढवायचं ते बघून ठेवा, दुधी चालेल.