नव्या शॉकअपच्या नावाखाली कापलेल्या स्प्रिंगा

ट्रॅक-डेसाठी (रेसच्या ट्रॅकवर आपलीच गाडी पळवायचा दिवस) गाडीचं सस्पेन्शन आणि ब्रेक बदलून घ्यायला मी २ लाख १० हजार रुपये मोजले. हातात काय पडलं? ग्राइंडरने कापलेल्या माझ्याच स्प्रिंगा, रंग मारलेले जुने शॉकअप, भारी कंपनीचं स्टिकर चिकटवलेले हलके ब्रेक पॅड आणि जुनंच ब्रेक ऑइल. मुंबईतली बरीच पोरं हल्ली गाड्या ट्रॅकवर नेतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस, २३० पीएस ताकदीची, सेकंडहँड घेतलेली. गॅरेज पश्चिम उपनगरातलं. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, त्यामुळे नाव लिहीत नाही. मालक म्हणाला, "साहेब, कॉइलओव्हर घाला, ट्रॅकचे पॅड घाला, ब्रेक ऑइल चांगल्यातलं भरा." (कॉइलओव्हर म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच.) सल्ल्यात काहीच चूक नव्हती, आणि म्हणूनच माझा विश्वास बसला.

पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "बिल कशाला? मॉडिफिकेशन कागदावर आलं की आरटीओ आणि इन्शुरन्सवाले उद्या तेच तुमच्यासमोर धरतील." मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनासारखे बदल करता येत नाहीत, एवढं मला ऐकून माहीत होतं. त्या भीतीवरच त्याने बोट ठेवलं. फार मागे लागलो तेव्हा एक छापील एस्टिमेट दिलं, खाली जीएसटी नंबर. तो मी नंतर मोजला. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. त्या कागदावर १४ च अक्षरं होती. पैसे भरण्याआधी जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकून बघायला दोन मिनिटंही लागली नसती.

गाडी तीन दिवस आत होती. ग्राहकाला वर्कशॉपमध्ये सोडत नाही म्हणाला. व्हॉट्सॲपवर फोटो यायचे: कोरे बॉक्स, चकचकीत कॉइलओव्हर, बसवतानाचा हात. त्या फोटोतली लिफ्ट चार खांबांची होती. गॅरेजमध्ये आहे ती दोन खांबांची! मी रोज बाहेर उभा राहून मालकाशी बोलताना ती लिफ्ट बघत होतो, तरी ते माझ्या लक्षात आलं नाही. जुने पार्ट मागितले तर "भंगारवाला कालच घेऊन गेला" असं उत्तर मिळालं. माझे कंपनीचे पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक होते. ते कुठे गेले, देव जाणे.

फसलो याचं मोठं कारण म्हणजे गाडी खरंच बदललेली वाटत होती. खाली बसली होती, कडक झाली होती. स्प्रिंगचे वेढे कापले की उरलेली स्प्रिंग जास्त कडक होते आणि गाडी आपोआप खाली येते. फक्त त्या कडकपणाला सांभाळणारा शॉकअप खाली नसतो आणि कापलेलं टोक आपल्या जागेवर नीट बसत नाही. जेव्हीएलआरच्या (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या) खड्ड्यांत मागून कट्ट-कट्ट आवाज यायचा. मालक म्हणाला, "नवीन माल आहे, बसायला वेळ लागतो." पॅडचंही तसंच. ट्रॅकचे पॅड थंड असताना बहुतेक वेळा कुरकुरतात, तापल्याशिवाय नीट धरत नाहीत. हे पहिल्याच सिग्नलला अगदी मऊ, बिनआवाजाचे लागले आणि मी खूश झालो.

ट्रॅक होता कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे, जेमतेम २.१ किलोमीटरचा, म्हणजे ब्रेकना थंड व्हायला फारशी उसंत नाही. चौथ्या लॅपला सरळ रस्ता संपताना ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला गेलं. पायाखाली काही नव्हतंच. दोनदा पंप केलं, गिअर खाली ओढले, गाडी मातीत जाऊन थांबली. मला आणि दुसऱ्या कुणाला काही झालं नाही.

तिथल्या मेकॅनिकने चाकं काढली. मागच्या स्प्रिंगच्या टोकावर ग्राइंडरचा तिरका, चमकणारा काप होता. या गाडीला मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात, कॉइलओव्हरच्या किटमध्ये मागच्या स्प्रिंगला उंची बदलायची रिंग येते. ती नव्हतीच. शॉकअपचा रंग त्याने नखाने खरवडला तर खाली जुना रंग निघाला. मग कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, निपल (ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) सैल केला. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीत ऑइल फिकट पिवळं, स्वच्छ, आणि निपलमधून आलं ते कडक चहासारखं. डबीतलं तेवढं उपसून वर नवं ओतलं होतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि मुंबईच्या हवेत ओलीला काय तोटा! नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच किमान मर्यादा १५५ वर येते. ऑइल उकळलं, वाफेचे बुडबुडे झाले आणि माझा पाय त्या बुडबुड्यांवर पडला.

याच ब्रेकवर आदल्या रविवारी आई-बाबांना घेऊन मी बोरघाट उतरलो होतो. त्या विचाराने अजून झोप उडते.

परत जाऊन जाब विचारला तर मालक म्हणतो, "ट्रॅकवर चालवली ना? मग वॉरंटी संपली." ट्रॅकसाठी म्हणूनच विकलं होतं! १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पुढे वांद्र्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. वकिलाने पहिलंच विचारलं, पैसे रोख दिले की यूपीआयने? दीड लाख यूपीआयने गेले होते, तेवढ्याचीच नोंद हातात आहे. उरलेले साठ हजार रोख दिले, त्यांचा पुरावा नाही.

आता गाडीचं काम ठाण्यातल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे करतो. तो बॉक्स माझ्यासमोर फोडतो, जुना पार्ट पिशवीत घालून माझ्या डिकीत ठेवतो आणि चारही निपलमधून स्वच्छ ऑइल येईपर्यंत मला शेजारी उभं करतो. चार खांबांच्या लिफ्टचे तसले फोटो तुमच्याही मोबाइलवर आले असतील, तर ते डिलीट करू नका. गाडी घाटात नेण्याआधी कुठल्याही दुसऱ्या मेकॅनिककडे एक निपल उघडून घ्या आणि बाहेर येणाऱ्या ऑइलचा रंग स्वतः बघा.