बिलिंगचा सर्व्हर ऑफिसात ठेवावा की क्लाउडवर न्यावा? बेळगाव-खानापूरकडच्या इंटरनेट सेवा देणाऱ्यांसाठी

निपाणी, चिकोडी, खानापूर भागात केबलवरून फायबरकडे वळलेल्या बहुतेकांची मांडणी सारखीच असते. बिलिंग, ग्राहकांची माहिती, तक्रारी, ऑनलाइन भरणा आणि लॉगिन तपासणारा रेडियस, सगळं एकाच मशीनवर आणि ते मशीन ऑफिसच्या आतल्या खोलीत. ते जुनं झालं की दोन वाटा समोर येतात. तिथेच नवा सर्व्हर घ्यायचा किंवा सगळं क्लाउडवर, म्हणजे मोठ्या कंपनीच्या केंद्रातल्या भाड्याच्या मशीनवर, न्यायचं. आमच्याकडे बरीच वर्षं पहिली पद्धत होती, आता दुसरी आहे. प्रोसेसर, रॅम, डिस्क यांची आकडेमोड इथे करत नाही, ती तुमचा विक्रेता करून देईल. दोन्हींसोबत राहिल्यावर काय जाणवलं, तेवढंच सांगतो.

आधी एक वेगळं काढून ठेवू. मोठ्या दूरसंचार कंपन्या क्लाउडवर गेल्या म्हणजे नेमकं काय गेलं? अमेरिकेतल्या एटी अँड टीने २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टशी करार जाहीर केला, तेव्हा त्यात नेटवर्क सोडून बाकीचं संगणकीय कामकाज हलवायचं ठरलं होतं. तिथल्याच डिश या कंपनीने २०२१ मध्ये स्वतःचं ५जी नेटवर्कच ॲमेझॉनच्या क्लाउडवर उभं करायचं जाहीर केलं, पण त्यांना ते नव्याने उभारायचं होतं, जुनं काही ओढून न्यायचं नव्हतं. आपण पहिल्या प्रकारात बसतो. स्विच, ओएलटी (ग्राहकांच्या फायबर जोडण्या जिथे एकत्र येतात ते यंत्र), बीआरएएस (लॉगिन झालेल्या ग्राहकाला इंटरनेटला जोडून देणारं यंत्र) जागेवरच राहणार. प्रश्न आहे तो हिशोबाच्या आणि ग्राहकांच्या यंत्रणेचा.

अंतराची भीती बऱ्याच जणांना असते. ॲमेझॉनचं मुंबईतलं केंद्र २०१६ पासून आहे, हैदराबादचं २०२२ पासून. गूगल २०१७ मध्ये मुंबईत आलं आणि मायक्रोसॉफ्ट त्याआधीच, २०१५ मध्ये, पुण्यात. बेळगावहून मुंबई साधारण पाचशे किलोमीटर. फायबरमधून तेवढ्या अंतराची जा-ये पाचेक मिलिसेकंदांत होते. तार वळणावळणाने जाते म्हणून प्रत्यक्षात जास्त लागते. तरीही काउंटरवर पावती फाडणाऱ्या आमच्या मुलीला फरक जाणवला नाही, आणि माझ्यासाठी ती कसोटी पुरेशी होती.

विजेचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहे. पावसाळ्यात वीज जाते, यूपीएसच्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत उतरतात, एसी बंद पडला की खोली तापते. हा त्रास खरा आहे, पण सोसण्याजोगा आहे. केवळ यासाठी मी हललो नसतो.

मला हलवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. ऑफिसातल्या सर्व्हरवर काही बदलून बघायला दुसरी जागाच नसते. जे करायचं ते चालत्या यंत्रणेवर.

हे आपल्या भागात जास्त का टोचतं, ते सांगतो. उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, असे अनेक कारखानदार आहेत ज्यांची जीएसटी नोंदणी महाराष्ट्रातली आहे. वेंगुर्ला रस्त्याने बाची ओलांडली की शिनोळी, तिथून चंदगड तालुका आणि कोल्हापूर जिल्हा सुरू होतो. कारखाना तिकडे, एखादं गोदाम किंवा ऑफिस इकडे. बिलासाठी ते २७ ने सुरू होणारा जीएसटी नंबर देतात, आपला नंबर २९ चा. आमचं बिलिंग सॉफ्टवेअर नंबराचे पहिले दोन आकडे बघायचं आणि राज्य वेगळं दिसलं की सरळ आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर, लावायचं. नियम तसा नाही. आयजीएसटी कायद्याच्या कलम १२(११) प्रमाणे तारेने दिलेल्या जोडणीचं पुरवठा-स्थळ म्हणजे ती जिथे बसवली ती जागा. जोडणी उद्यमबागेत असेल तर ग्राहकाचा नंबर कुठलाही असो, राज्यातल्या राज्यातले सीजीएसटी आणि एसजीएसटीच. ग्राहकाला मात्र कर्नाटकातला हा कर महाराष्ट्राच्या नोंदणीवर वजा करून घेता येत नाही, म्हणून तो आयजीएसटीचाच आग्रह धरतो. त्याचंही चुकत नाही. त्याचे पैसे अडकतात.

आता सॉफ्टवेअरमधला हा एक नियम बदलायचा. ऐकायला एका ओळीचं काम. पण तोच नियम घरगुती ग्राहकांच्या बिलालाही लागतो, मागच्या महिन्याच्या क्रेडिट नोटलाही लागतो आणि महिन्याच्या मधे प्लॅन वाढवलेल्यांच्या फरकालाही लागतो. चालत्या यंत्रणेवर हे करायचं म्हणजे रात्री बारानंतर भरणा बंद करायचा, डेटाबेसची प्रत काढायची, बदल करायचा, ओळखीच्या चार ग्राहकांची बिलं उघडून बघायची आणि झोपायचं. बाकीच्यांची बिलं बरोबर निघाली की नाही, ते सकाळी फोन वाजायला लागल्यावर कळणार. ३० जून २०१७ च्या रात्री देशभर जीएसटी आला तेव्हा सगळ्यांनी असंच काम केलं, तिथे इलाज नव्हता. पण दर लहानमोठ्या बदलाला तशीच रात्र काढावी लागणं मला पटेना. हळूहळू मी बदल पुढे ढकलायला लागलो. कन्नड आणि मराठी दोन्हींत बिल द्यायचं कधीचं ठरलेलं, पण पीडीएफमध्ये कन्नड जोडाक्षरं फुटतील का, हे बघायला जागा नव्हती म्हणून तेही पडून होतं.

क्लाउडवर चालत्या मशीनचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची पूर्ण प्रत, घेता येतो आणि त्यावरून शेजारी हुबेहूब दुसरं मशीन उभं करता येतं. त्यावर महिन्याची सगळी बिलं काढायची, जुन्या बिलांशी ताडून बघायची, जमलं तर खरा बदल करायचा आणि ते मशीन पुसून टाकायचं. जितके तास चाललं तितक्याचेच पैसे. ही सोय मिळाल्यापासून आम्ही बदल भर दुपारी करतो, चहा पीत, दोघे-तिघे एकत्र बसून. एवढ्या एका गोष्टीसाठीही मी क्लाउड घेतला असता.

यात एक काळजी घ्यावी लागते. प्रत सुरू करण्याआधी तिचा एसएमएस आणि पेमेंट गेटवेचा संपर्क तोडा. नाहीतर चाचणीची बिलं खऱ्या ग्राहकांच्या मोबाइलवर जातील. आम्ही प्रतीच्या मशीनला बाहेर जायचा रस्ताच देत नाही.

आता ऑफिसातल्या सर्व्हरची बाजू, कारण दोन ठिकाणी तोच बरा आहे असं मला अजूनही वाटतं.

पहिलं ठिकाण रेडियसचं. तो पूर्णपणे मुंबईत ठेवला आणि बाहेरची लाइन तुटली, तर आधीपासून जोडलेले ग्राहक जोडलेले राहतात, पण नवं लॉगिन होत नाही. लाइन तुटलेलीच आहे, मग लॉगिन होऊन तरी काय, असं वाटेल. खरी अडचण लाइन परत येते तेव्हाची आहे. जांबोटी किंवा कणकुंबीकडे वीज येते तेव्हाही हेच होतं: गावातले सगळे राउटर एकदम लॉगिन मागतात. मायक्रोटिकमध्ये (आपल्याकडे बीआरएएस म्हणून वापरतात ते राउटर) रेडियसच्या उत्तराची वाट बघायची मुदत मुळात कमी असते. सर्व्हर दूर असेल आणि गर्दी झाली, तर उत्तर वेळेत येत नाही, राउटर पुन्हा विचारतात आणि गर्दी आणखी वाढते. ही मुदत वाढवता येते, पण आम्ही रेडियसची एक प्रत बीआरएएसच्या शेजारीच ठेवली आहे. ग्राहक आणि प्लॅन यांची यादी क्लाउडवरून तिच्यात उतरते. लॉगिन इथल्या इथे होतं.

दुसरं ठिकाण लॉगचं. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्याची अट बदलली, तेव्हापासून ग्राहकांच्या वापराच्या नोंदी दोन वर्षं ठेवाव्या लागतात. नॅटच्या, म्हणजे एकच इंटरनेट पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देणाऱ्या यंत्रणेच्या, नोंदी रोज ढिगाने तयार होतात. क्लाउडवर माहिती चढवायला सहसा पैसे पडत नाहीत, साठवायला आणि परत उतरवायला पडतात. पोलिसांचं पत्र आलं की नेमक्या त्याच नोंदी उपसाव्या लागतात. त्या आपल्या डिस्कवर असलेल्या बऱ्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे यंत्रणांचे लॉग १८० दिवस भारताच्या हद्दीत ठेवायचे आहेत आणि ग्राहकांची माहिती देशाबाहेर नेऊ नये, असं परवानाही सांगतो. म्हणून क्लाउड घेताना केंद्र भारतातलं निवडून थांबू नका. बॅकअपची दुसरी प्रत कुठे जाते, तेही तपासा. ती परदेशातल्या केंद्रात ठेवण्याचा पर्याय तिथे अगदी सहज निवडला जाऊ शकतो.

खर्चाच्या बाबतीत मी ठाम बोलणार नाही. सर्व्हरला एकदाच मोठी रक्कम जाते, क्लाउडला दर महिन्याला जाते, आणि पाच वर्षांचा हिशोब मांडला तर क्लाउड स्वस्त पडेलच असं नाही. आमचं बिल आटोक्यात राहिलं, कारण लॉग घरीच ठेवले आणि चाचणीची मशीन काम झालं की लगेच पुसतो. मशीन बंद केलं तरी त्याच्या डिस्कचं भाडं चालू राहतं, याकडे मात्र लक्ष हवं. क्लाउडच्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी वजा होतो, तो धरून तुलना करा.

तिसराही पर्याय विचारला जातो: दर ग्राहकामागे महिन्याला पैसे घेऊन कुणाचं तरी तयार बिलिंग वापरायचं. ग्राहक कमी असतील आणि संगणकाचं बघणारं कुणी नसेल तर तेही ठीक आहे. मात्र सही करण्यापूर्वी आपला सगळा डेटाबेस बाहेर काढून मागा, तोही तुमच्या सध्याच्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा रूपात. टाळाटाळ झाली तर तिथेच थांबावं. शिवाय वर सांगितलेला करनियम त्यांच्याकडे कसा बसवलाय, हेही विचारा. पुण्या-मुंबईच्या विक्रेत्यांना हा सीमेवरचा प्रश्न सहसा पडलेला नसतो.

क्लाउडवर जायचं ठरलं तर ग्राहकांच्या नावांकडे लक्ष द्या. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ५.७ पर्यंतच्या आवृत्त्यांत काही सांगितलं नसेल तर टेबल लॅटिन-१ या रोमन लिपीपुरत्या अक्षरसंचात तयार व्हायचे, ८.० पासून सगळ्या लिप्या सामावणारं यूटीएफ-८ आलं. जुन्या टेबलमध्ये मराठी-कन्नड नावं कशीबशी मावलेली असतात, जुन्या मशीनवर बरोबर दिसतात आणि नव्यावर प्रश्नचिन्हं होतात. हलवण्याआधी एकदा प्रत उतरवून नावं आणि पत्ते डोळ्यांनी बघा, विशेषतः गल्ल्यांची नावं. दिवस निवडताना महिन्याचा पहिला आठवडा टाळा, भरणा तेव्हाच जास्त असतो. जुना सर्व्हर लगेच काढू नका. आमच्याकडे त्याच्यावरच आता रेडियसची स्थानिक प्रत चालते.

एका परिस्थितीत मात्र मी थांबा म्हणेन. बाहेरची लाइन एकच असेल तर. पुणे-बंगळूर महामार्गाच्या रुंदीकरणात खोदकाम होतं, तारा तुटतात, आणि मग तुमचं काउंटर स्वतःच्याच बिलिंगपर्यंत पोचू शकत नाही. आपण कोल्हापूर आणि हुबळीच्या मधोमध आहोत, हा फायदा करून घ्या: एक लाइन कोल्हापूरकडून, दुसरी हुबळीकडून, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, आणि दोन्ही खरोखर वेगळ्या रस्त्याने येतात ना, हे नकाशावर दाखवून मागा. दुसरी लाइन येईपर्यंत सर्व्हर ऑफिसातच असू द्या, पण शेजारी एक साधा दुसरा संगणक घ्या, त्यावर आठवड्याला डेटाबेसची प्रत उतरवा आणि प्रत्येक बदल आधी तिथे करून बघा.