व्हिनेगर फेसाळलं, म्हणून मी पैसे मोजले

सांगलीत समुद्राच्या पाण्याची टाकी ठेवायची म्हणजे सगळं विकत आणायचं, पाण्यातलं मीठसुद्धा. त्यामुळे विकणाऱ्याच्या शब्दावर बरंच काही अवलंबून असतं. मी तिथेच फसलो. सांगली, मिरज, कोल्हापूर भागात कुणी मरीन टँक लावायच्या विचारात असेल तर तळाची वाळू घेण्याआधी हे वाचा.

गोड्या पाण्यातले मासे मी बारा वर्षं पाळतोय. गेल्या दिवाळीत चार फुटी रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) ठेवायची टाकी, लावायला घेतला. तळाला काय घालायचं यावर घरात महिनाभर चर्चा चालली होती. तळ मोकळा ठेवला तर घाण साचत नाही आणि पंप जोरात चालवता येतो, पण ती उघडी काच कुणालाच बघवेना. कोरलचा जाड चुरा नको होता, कारण खाण्याचे कण त्यात अडकून कुजतात. शेवटी एक-दोन मिलिमीटर दाण्याची अरागोनाइट वाळू घालायची, थर दीड इंचाचा, असं ठरलं. अरागोनाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. कोरल आपला सांगाडा त्याचाच बांधतं. माझ्या तळाला तीस किलो लागणार होती.

ओळखीतून एका विक्रेत्याचा नंबर मिळाला. त्याच्याकडे स्वतःचा टँक होता आणि त्यात शुभ्र वाळू. दोनशे साठ रुपये किलो, परदेशी माल, मोठ्या पोत्यातून सुटा केलेला, असं त्याने सांगितलं. मी जरा घुटमळलो. त्याने लगेच एका वाटीत मूठभर वाळू घेतली आणि वरून व्हिनेगर ओतलं. वाटी फसफसून वर आली. "बघा की दादा, अस्सल हाय. ही घातली की अल्कलिनिटी कायम जाग्यावर. डोसिंगचा खर्चच नाही." (अल्कलिनिटी म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप. कोरलने ते वापरलं की द्रावण मोजून घालून भरून काढायचं, त्याला डोसिंग म्हणतात.) कॅल्शियम कार्बोनेटवर व्हिनेगर फेसाळतं, ही चाचणी मी वाचलेली होती आणि ती डोळ्यांसमोर झाली होती. सात हजार आठशे रुपये मोबाइलवरून दिले. बिल मागितलं तर म्हणाला, "पाठवतो." ते कधीच आलं नाही.

वाळू धुवायला घेतली तर बादलीत दूध झालं. अठरा वेळा पाणी बदललं तरी तेच. खऱ्या अरागोनाइटनेही पाणी एखाद-दोन दिवस गढूळ होतं हे माहीत असल्याने मी गप्प राहिलो. टाकीतलं पाणी नवव्या दिवशी निवळलं, तोवर फिल्टरच्या पिशव्या पांढऱ्या लगद्याने भरल्या होत्या. नंतर तळावर डायटमचा, म्हणजे सूक्ष्म शेवाळाचा, तपकिरी थर आला. तो नव्या टाकीत येतोच, त्याचं खापर मी वाळूवर फोडत नाही.

मात्र अल्कलिनिटीच्या बाबतीत मी त्याच्या शब्दावर राहिलो, ही चूक महागात पडली. रीफ टँकचा पीएच ८.१ ते ८.३ च्या आसपास असतो आणि त्या पाण्यात अरागोनाइट जवळजवळ विरघळतच नाही. वाळू कितीही खरी असली तरी ती कोरलची भूक भागवत नाही. ते मोजून डोसिंगनेच भरून काढावं लागतं. मी दोन महिने डोसिंग केलं नाही आणि टेस्टही टाळत राहिलो. साडेआठ डीकेएचवरून (अल्कलिनिटीचं एकक) आकडा साडेसहावर आला तेव्हा हॅमर कोरल आक्रसायला लागलं होतं. कडेने पांढरा सांगाडा उघडा पडत गेला आणि पंधरा दिवसांत ते गेलं. मुलगी शाळेतून आली की आधी त्याच्यासमोर जाऊन बसायची.

खरा उलगडा काचेवर झाला. एका रविवारी चुंबकाच्या क्लीनरने पुढची काच पुसताना करकर आवाज आला. क्लीनर बाजूला घेतला तर वीतभर लांबीची ओरखड्याची रेघ. फडक्यात एकच दाणा अडकला होता. खनिजांच्या मोह्स मापावर अरागोनाइटची कठीणता साडेतीन ते चार, काचेची साडेपाचच्या आसपास. अरागोनाइटच्या दाण्याने काचेवर अशी रेघ उठणार नाही. सिलिका वाळू ज्याची असते त्या क्वार्ट्झची कठीणता सात असते.

शेजारचे काका कुपवाड एमआयडीसीत फाउंड्रीत होते. त्यांच्या तळहातावर चिमूटभर वाळू ठेवली. त्यांनी ती बोटाने पसरली, उजेडात धरली आणि म्हणाले, "अरे, ही तर आमची मोल्डिंगची सिलिका वाळू. कोकणातून, कासार्ड्याकडून ट्रक येतात हिचे. आणि ही पांढरी पूड कसली रे?" ती पूड संगमरवराची असावी. संगमरवर हेही कॅल्शियम कार्बोनेटच, म्हणून वाटीतलं व्हिनेगर फेसाळलं होतं.

सिलिका वाळू म्हणजे विष नव्हे. स्वच्छ धुतलेली सिलिका काही जण जाणूनबुजून वापरतात. राग याचा आहे की अगदी स्वस्तातला माल पूड मिसळून दोनशे साठने विकला आणि वर डोसिंगची गरज नाही असं खोटं सांगितलं.

म्हणून फेस बघून थांबू नका. चिमूटभरच वाळू घ्या, त्यावर अर्धा ग्लास पांढरं व्हिनेगर ओता आणि रात्रभर ठेवा. दाणे उरले तर व्हिनेगर बदलून आणखी एक दिवस थांबा. अरागोनाइट जवळपास सगळं विरघळतं. माझ्या ग्लासात दोन दिवसांनीही तळाला चकचकीत दाणे तसेच होते. दुसरं, जुन्या काचेच्या तुकड्यावर दाणे अंगठ्याने दाबून घासा, हातात जाड कापड धरा. चरा उमटला तर ती वाळू घेऊ नका. नुसता संगमरवर असेल तर तो या दोन्ही परीक्षांत निसटतो, म्हणून भिंगाखालीही बघा. त्याचे दाणे कोनदार असतात आणि सपाट बाजू चमकतात. अरागोनाइटमध्ये बारीक गोल दाणे किंवा शिंपल्यांचे तुकडे दिसतात.

पिशवीही नीट बघा. बंद पाकिटावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, किंमत, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क आणि परदेशी माल असेल तर कुठल्या देशाचा ते छापलेलं असायला हवं. माझ्या पिशव्या कोऱ्या पांढऱ्या, तोंडाला सुतळी. "आपल्याच समुद्रातला अस्सल कोरलचा चुरा आहे" असं कुणी म्हणालं तर तिथून निघाच. आपल्या समुद्रातलं दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे आणि ते विकणं-बाळगणं गुन्हा आहे.

त्या विक्रेत्याला फोन केला तेव्हा म्हणाला, "तुम्ही नीट धुतली नसणार." दुसऱ्या दिवसापासून माझा नंबर ब्लॉक. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. बिल नसल्याने पुरावा म्हणून पैसे दिल्याचा मोबाइलवरचा तपशील, बोलण्याचे मेसेज आणि न उघडलेली एक पिशवी जपून ठेवली आहे. तुम्हीही खरेदीच्या दिवशीच एक पिशवी बाजूला काढून ठेवा.

वाळू मी सगळी उपसली. क्लाउनफिशची जोडी तीन दिवस बादलीत काढून परत टाकीत गेली आणि सध्या तळ मोकळाच आहे. मी वाळू आणायला गेलो तेव्हा त्याच्या मागच्या खोलीत सुतळीने बांधलेल्या तशाच पिशव्या छातीभर उंच रचलेल्या होत्या.