पेट्रिऑनवर अडल्ट गेमला 14 महिने पैसे भरले, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा कुठल्या एका गेमचा रिव्ह्यू नाही, पेट्रिऑन या वेबसाइटवरून अडल्ट गेम बनवणाऱ्याला दर महिन्याला पैसे द्यायची जी पद्धत आहे तिचा आहे. हो, 18 च्या पुढचे गेम खेळतो मी, तिशी ओलांडलीये, आता कुणाला लाजायचं.

गेमचं नाव घेत नाही, कारण बनवणारा एकटाच माणूस आहे. रेनपाय या सॉफ्टवेअरवर केलेली व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे चित्रं बघत वाचायची गोष्ट, डॅझ या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर केलेली म्हणजे कॉम्प्युटरने तयार केलेली चित्रं, आणि स्टोरी खरंच भारी होती म्हणून महिन्याला 5 डॉलरची टिअर (वर्गणीचा प्लॅन) घेतली. 14 महिन्यांत अपडेट आले तीन, त्यातला शेवटचा 40 मिनिटांत संपला, आणि "पुढच्या महिन्यात नक्की" मात्र इतक्यांदा ऐकलं की बिल्डरकडे फ्लॅट बुक केल्यासारखं वाटायला लागलं.

आपल्याकडून पैसे भरणं हाच एक वेगळा ताप आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेचा ई-मॅन्डेटचा, म्हणजे कार्डातून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांना आधी परवानगी घेण्याचा नियम लागू झाला तेव्हापासून परदेशातलं ऑटो-पेमेंट बऱ्याच कार्डांवर अडकतं, माझंही अडकलं, शेवटी दुसरं कार्ड काढलं, त्यावर 3.5 टक्के फॉरेक्स मार्कअप (परदेशी चलनाचं जादा शुल्क) आणि त्या मार्कअपवर परत 18 टक्के जीएसटी. एक बरं आहे, स्टेटमेंटवर फक्त पेट्रिऑन मेंबरशिप असं येतं. पप्पांना तो पेट्रोल पंप वाटला, मी पण काही बोललो नाही. (आयफोनवाल्यांनी ॲपमधून घेऊ नका, ब्राउझरमधून घ्या, नाहीतर ॲपलचा 30 टक्क्यांचा कट मधे येतो.)

आता खरा हिशोब बघा. ऑगस्ट 2025 नंतर आलेल्या नवीन क्रिएटरकडून पेट्रिऑन 10 टक्के घेतं, वर पेमेंट प्रोसेसिंगचे 2.9 टक्के आणि 30 सेंट. म्हणजे माझ्या 5 डॉलरमधले साधारण 4 डॉलर त्याच्या हातात पडतात. 14 महिन्यांचे झाले 56 डॉलर. तोच गेम पूर्ण करून स्टीम या गेम विकायच्या ऑनलाइन दुकानात 15 डॉलरला लावला असता तर स्टीमचे 30 टक्के वजा जाऊन माझ्याकडून एकदाच साडेदहा डॉलर मिळाले असते, तेही टॅक्सच्या आधी. म्हणजे गेम संपवला की पगार बंद! मग संपवेल कोण? तो माणूस लबाड आहे असं मला अजूनही वाटत नाही, पण ही पद्धतच अशी आहे की प्रामाणिक माणूससुद्धा आणखी एक कॅरेक्टर, आणखी एक साइड स्टोरी असं वाढवतच राहतो, त्यात महिन्याला पोल घेतात, पुढचा सीन कोणाचा, मग काय, वरातीसारखं, बँडवाल्यापुढे प्रत्येकाची वेगळी फर्माईश आणि नवरदेव मांडवात पोचतच नाही.

किकस्टार्टर या लोकांकडून आधी पैसे गोळा करायच्या साइटवर निदान ठराविक रकमेत ठराविक गेम असा सौदा असतो, पण तिथे पोर्न चालत नाही, त्यामुळे ही मंडळी इकडेच येतात.

आणि इथे पैसा छोटा नाही हां. ब्रीडिंग सीझन नावाचा गेम महिन्याला 40 हजार डॉलरच्या आसपास कमवत होता, तरी 2016 मध्ये अर्धवटच बंद पडला, कारण डेव्हलपर आणि आर्टिस्टचं फाटलं आणि चित्रांचे हक्क आर्टिस्टकडे होते. ज्यांनी महिनोन्महिने पैसे भरले त्यांच्या हातात काय, तर अर्धा गेम. तेव्हापासून मी टीममध्ये दोन-तीन नावं दिसली की आधी चित्रं कुणाच्या मालकीची हे विचारतो. उत्तर येतंच असं नाही.

डेव्हलपरची बाजू पण सांगतो, नाहीतर अन्याय होईल. एकेक चित्र रेंडर व्हायला तास जाऊ शकतो, ग्राफिक्स कार्डाचा खर्च वेगळा, वीजबिल वेगळं, आणि डोक्यावर कार्ड कंपन्यांची तलवार. जुलै 2025 मध्ये स्टीमने पेमेंटवाल्यांच्या दबावामुळे बरेच अडल्ट गेम काढून टाकले, आणि त्याच महिन्यात इच डॉट आयओ या दुसऱ्या गेम साइटने तर सगळेच अडल्ट गेम सर्चमधून गायब केले, ज्यांनी नियम मोडले नव्हते त्यांचेही. पेट्रिऑननेही 2017 मध्ये अडल्टचे नियम आवळले होते. म्हणून शहाणे लोक सबस्क्राइबस्टार या पेट्रिऑनसारख्याच साइटवर पण एक दुकान थाटून ठेवतात. असं टांगतं काम असेल तर महिन्याचे बांधलेले पैसे कुणाला नकोत, मी असतो तर मीपण तेच केलं असतं.

माझ्याकडून पेट्रिऑनला 5 पैकी 3. एक स्टार यासाठी कापला की क्रिएटरला महिन्याचं बिलिंग पॉज करायची सोय आहे पण ती वापरायची का हे तोच ठरवतो, काम थांबलं तरी माझं कार्ड चालूच. दुसरा, अर्धवट राहिलेल्या गेमचे पैसे परत मागायला जागाच नाही, कारण नावच मेंबरशिप, आपण गेम विकत घेतलेलाच नसतो.

हल्ली मी असं करतो, फॉलो फुकटात करून ठेवतो, अपडेट आला की एक महिना 5 डॉलर भरतो, बिल्ड म्हणजे गेमची ताजी फाइल उतरवून घेतो आणि त्याच संध्याकाळी कॅन्सल, महिना संपेपर्यंत ॲक्सेस राहतोच. वर्षात तीनदा भरले. त्या जुन्या गेमचा चौथा अपडेट यायचाय अजून, परवाच पोस्ट आली, पुढच्या महिन्यात नक्की.