पेठेतल्या व्यायामशाळेचा मल्लखांब वर्ग : मुलांसाठी उत्तम, मोठ्यांसाठी अजून कच्चा

पुण्याच्या जुन्या भागातील एका व्यायामशाळेत संध्याकाळी मल्लखांबाचा वर्ग भरतो. माझी मुलगी तेथे शिकते आणि मोठ्यांच्या गटात मीही जातो, त्यामुळे हा अभिप्राय दोन्ही बाजूंनी लिहीत आहे. मुलांना आत सोडून पालकांनी कट्ट्यावर मोबाइल पाहत बसण्याऐवजी त्याच वेळात स्वतःही व्यायाम करावा, अशी या वर्गाची योजना आहे. एवढ्या एका कारणासाठीही तो इतर क्रीडावर्गांपेक्षा मला उजवा वाटतो.

जागा लहान, पण स्वच्छ आहे. पुरलेले सागवानी मल्लखांब एरंडेल पिऊन काळेभोर झाले आहेत, छताच्या तुळईला सुती दोर टांगलेले आहेत आणि खाली जाड गाद्या आहेत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या नावारूपाला आणली, हे येथे दर गुरुपौर्णिमेला सांगितले जाते. एरवी इतिहासापेक्षा घामाकडेच अधिक लक्ष असते, आणि तेच बरे.

शिकवण्याची पद्धत ही या वर्गाची खरी जमेची बाजू. नव्या मुलाला दोरावर एकदम चढवत नाहीत. आधी गादीवर बसवून पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात दोर घट्ट धरायला शिकवतात. तेथली कातडी लाल होते, काही मुले रडतात, पण आठवडाभरात पकड बसते. त्यानंतर साधी अढी, म्हणजे पायांनी दोराला घालायची पकड, आणि अढीबरोबरच खाली उतरणे. दोरावरून सर्रकन घसरल्यास तळहात आणि पोटऱ्या सोलवटतात, म्हणून हात एकाखाली एक घेत सावकाश उतरल्याखेरीज सर पुढची पकड दाखवत नाहीत. मुलींना केवळ दोरावर न ठेवता पुरलेल्या मल्लखांबावरही तितकाच सराव देतात, याची वेगळी नोंद करायला हवी.

उणीव आहे ती पाळीची. दोरावर एका वेळी एकच जण चढतो आणि त्याची पाळी मिनिट-दीड मिनिटात संपते. रांग मोठी असली की तासाभराच्या वर्गात मुलाच्या वाट्याला प्रत्यक्ष मल्लखांब फारच थोडा येतो. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. शाळेतला पी. टी.चा तास परीक्षा जवळ आली की गणिताला दिला जातो, तेव्हा या ६० मिनिटांचा भार बहुतांशी अशा वर्गांवरच पडतो. रांगेतल्या मुलांनी जोर, बैठका आणि उड्या मारत राहावे असा येथे नियम आहे. मदतनीस शिक्षक हजर असले की तो काटेकोर पाळला जातो, नसले की रांगेत नुसत्या गप्पा रंगतात. दुसरा मदतनीस नेमला तर हा दोष सहज दूर होईल.

मोठ्यांच्या गटाबद्दल मात्र मी थोडा नाराज आहे. सूर्यनमस्कार उत्तम करून घेतात, परंतु मुलांचा सराव संपल्यावर जो दोर मोकळा होईल तो आमचा. याहून गंभीर बाब अशी की प्रवेश देताना रक्तदाब, पाठीचे दुखणे किंवा खांद्याची जुनी दुखापत यांविषयी कोणी चौकशी करत नाही. चाळिशीतला माणूस आपले सगळे वजन हातांवर पेलणार असेल, तर हे विचारणे आवश्यकच आहे. तोवर नव्याने येणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा आणि पहिले काही आठवडे नुसते लोंबकळणे, जोर आणि बैठका यांवरच समाधान मानावे.

मल्लखांब खेलो इंडिया युवा स्पर्धांत आल्यापासून काही पालक पहिल्याच महिन्यात पदकांची चौकशी करतात. सर त्यांना हसून दोराखालच्या गादीवर बसवतात आणि पायाच्या बोटांची पकड करून दाखवायला सांगतात. फी मासिक असून आसपासच्या जिमपेक्षा बरीच कमी आहे, त्यामुळे महिनाभर अनुभव घेऊन निर्णय घेता येतो. येताना नखे कापलेली असावीत, अंगठी-साखळी घरी ठेवावी आणि कपडे जुनेच घालावेत, कारण एरंडेलाचे डाग निघत नाहीत.