गाडीचं रूफ लायनिंग घरीच बदललं, कापड आणि सोल्युशनचा एक उन्हाळा एक पावसाळा काढल्यानंतरचा रिव्ह्यू

आमची सेडान २००८ ची, पेट्रोल, बाबांनी रिटायर व्हायच्या आधी घेतलेली. इंजिन अजून खणखणीत आहे, पण गेली दोन वर्षं छताचं कापड सुटत चाललं होतं. आधी मागच्या काचेपाशी एक फुगा आला, मग तो पुढे सरकत सरकत केबिन लाइटपर्यंत आला आणि शेवटी मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर पदर घेतल्यासारखं कापड लोंबायला लागलं. बाबा उंच आहेत, मागे बसले की पूर्ण रस्ता मान वाकडी करून बसायचे आणि काही बोलायचे नाहीत. एकदा साताऱ्याहून येताना आरशात बघितलं तर मागची अर्धी काच कापडाने झाकलेली, मागून येणारा ट्रक दिसलाच नाही. त्या दिवशी ठरवलं की हे आता करायचंच.

त्याआधी दोन उपाय करून झाले होते. एका गॅरेजवाल्याने इंजेक्शनने कापडाच्या आत सोल्युशन सोडून दिलं, त्याचे पिवळे डाग पडले आणि महिन्याभरात कापड परत खाली. मग मी स्वतः क्राफ्टच्या कामाचा स्प्रे आणून मारला, तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच सुटला. हे दोन्ही का फेल गेलं ते मला लायनिंग उतरवल्यावर कळलं, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून आधी सांगतो. छताच्या आतल्या बाजूला एक कडक बोर्ड बसवलेला असतो, कापड त्या बोर्डला डायरेक्ट चिकटवलेलं नसतंच. कापडाच्या मागे दोन-तीन मिलिमीटरचा फोम असतो आणि तो फोम बोर्डला चिकटवलेला असतो. वर्षानुवर्षं ऊन आणि दमट हवा खाऊन तो फोम कुजतो आणि त्याची पावडर होते. म्हणजे सोल्युशन जागेवरच असतं, कापडही धड असतं, मधला फोम गेलेला असतो. आता पावडरीवर कितीही चांगलं सोल्युशन मारा, ते पावडरीलाच चिकटणार आणि पावडर घेऊन खाली येणार. त्यामुळे टाचण्या, इंजेक्शन, स्प्रे हे सगळं विसरा, कापड काढून नवीनच लावायला लागतं.

कुशनवाल्याने साडेसात हजार सांगितले होते. पैसे होते, पण गाडी दोन दिवस त्याच्याकडे सोडायची आणि आत तो काय साफ करतो काय नाही ते आपल्याला दिसणार नाही, म्हणून म्हणलं आपणच करू.

कापड पुण्यात नाना पेठेतून घेतलं. आईला बरोबर नेलं होतं कारण तिने तीस वर्षं ब्लाउज शिवलेत आणि तिला कापडातलं माझ्यापेक्षा दसपट कळतं. दुकानदार काका म्हणाले, "छताला लावायचंय ना, मग साधं कापड नेऊ नका, फोमवालं न्या." आणि ते खरंच आहे, फोम नसलेलं कापड लावलं तर सोल्युशन आरपार येतं आणि बोर्डवरचा प्रत्येक खड्डा वरून दिसतो. आईने दोन नमुने हातात घेऊन उभे आडवे ताणून बघितले. एक जाडसर मखमलीसारखं होतं, दिसायला भारी, ते तिने बाजूला ठेवलं. म्हणाली, "हे ताणतच नाही रे, कोपऱ्यात चुण्या येणार." दुसरं विणीचं कापड, फिकट राखाडी, मागे ३ मिलिमीटर फोम, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं ताणणारं, तेच घेतलं. पन्हा दीड मीटरचा, आम्ही ३ मीटर घेतलं, मीटरला ४२० रुपये. अडीच मीटरमध्ये झालं असतं पण जास्तीचं घ्या, कापड कमी पडलं तर तोच शेड परत मिळेल याची खात्री नाही. एक गोष्ट अजून, गाडीच्या आतल्या कापडाला आगीचं स्टँडर्ड असतं, आयएस १५०६१. दुकानात सुट्या रोलवर असलं काही लिहिलेलं नसतं. मी घरी येऊन अंगणात एक तुकडा चिमट्यात धरून काडी लावून बघितली, हळू जळलं आणि काडी बाजूला केल्यावर विझलं, तेव्हाच पुढे गेलो. ही काही लॅबची टेस्ट नाही पण एवढी तरी कराच, डोक्यावर चार इंचावर लावायचंय ते.

सोल्युशनमध्ये कंजूषी करू नका. बंद गाडी मे महिन्याच्या उन्हात उभी असली की आत हात लावायची सोय राहत नाही आणि सगळ्यात जास्त तापतं ते छत. म्हणून डब्यावर हेडलायनरसाठी, म्हणजे गाडीच्या छताच्या लायनिंगसाठी, असं स्पष्ट लिहिलेलंच घ्यायचं. मी थ्रीएमचं हेडलायनर अँड फॅब्रिक अ‍ॅडहेसिव्ह घेतलं, दोन डबे, ३,१०० रुपये. आख्ख्या कामातला सगळ्यात मोठा खर्च हाच.

लायनिंग काढणं वाटतं तेवढं अवघड नाही. सन व्हायझर, वरची धरायची हँडलं, केबिन लाइट, दरवाज्याचं रबर बीडिंग, पिलरचे (काचांच्या मधले उभे खांब) प्लास्टिकचे ट्रिम, या क्रमाने काढत गेलो. क्लिपा जुन्या असतात, थंडीच्या सकाळी कडकड मोडतात, माझ्या तीन मोडल्या, पाच-दहा जास्तीच्या आणूनच ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढली. आमच्या गाडीत बाजूच्या एअरबॅग नाहीत, पण ज्यांच्या पिलरवर एअरबॅग लिहिलेलं असेल त्यांनी यात स्वतः हात घालू नका, सरळ माहितगाराकडे जा. बोर्ड बाहेर काढताना मात्र दोन माणसं पाहिजेतच, पुढची डावी सीट पूर्ण आडवी करून तिरका करत करत पुढच्या दारातून काढला, बाबा बाहेरून धरत होते आणि सारखं "सावकाश, सावकाश" चाललेलं. बोर्ड दाबलेल्या फायबरचा असतो, एकदा मोडला की घडी पडते आणि ती नवीन कापडातूनही दिसते.

आता खरं काम. पार्किंगमध्ये दोन टेबलं जोडून त्यावर बोर्ड उलटा ठेवला आणि कापड ओढलं, ते तर एका झटक्यात आलं, केळ्याचं साल निघावं तसं. खाली उरला तो फोम, गुळाच्या रंगाचा, बोट फिरवलं की बेसनासारखा बोटाला लागायचा आणि जिथे अजून थोडा जिवंत होता तिथे चिकट, गोळे होणारा. तारेचा ब्रश वापरू नका, बोर्डचे धागे निघतात. भांडी घासायचा नायलॉनचा कडक ब्रश घ्यायचा आणि गोल गोल घासायचं, मग व्हॅक्यूम, मग परत घासायचं. तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा, कारण ती पावडर उडते आणि घशात बसते. मला यालाच साडेतीन तास लागले, बाकीचं सगळं काम मिळून तेवढा वेळ लागला नाही. साफ झालं का हे कसं ओळखायचं तर काळा रुमाल दाबून फिरवायचा, रुमालावर पिवळं आलं तर अजून बाकी आहे. मी मागच्या उजव्या कोपऱ्यात कंटाळलो आणि तिथे रुमाल फिरवला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे येतंय.

चिकटवताना अख्खं एकदम करायचं नाही. कापड बोर्डवर सरळ पसरून घ्यायचं, अर्धं मागे दुमडायचं, दुमडलेल्या फोमवर आणि बोर्डवर दोन्हीकडे स्प्रे मारायचा आणि डब्यावर लिहिलेला वेळ थांबायचं. बोट लावलं की चिकट लागलं पाहिजे पण बोटाला काही येता कामा नये. मग मधून बाहेर तळहाताने बसवत जायचं. खोलगट जागी आधी कापड खड्ड्यात बसवायचं आणि मग कडेला यायचं, उलटं केलं तर तिथे ढोलकीसारखं ताणलं जातं आणि पहिल्या उन्हात सुटतं. आईने इथे फार मदत केली, चुणी यायला लागली की ती दाबायची नाही, कापड उचलून दोन बोटं बाजूला सरकवून परत सोडायची, अगदी बाही बसवतात तसं. जोर लावून घासलं तर फोम चेपतो आणि तिथे चकाकी येते, केबिन लाइटच्या बाजूला माझ्याकडून तसा एक तळहाताएवढा पट्टा झालाय. कडेला दीड इंच सोडून मागे दुमडून चिकटवलं, लाइटच्या भोकाला फुलीसारखा काप देऊन टोकं आत वळवली आणि एक दिवस तसंच ठेवलं. हे काम कोरड्या हवेतच करा, आम्ही जानेवारीत केलं. सोल्युशन पेट घेणारं असतं त्यामुळे उघड्यावरच करा, आणि नंतर आठवडाभर आत वास राहतो तेव्हा काचा थोड्या खाली ठेवाव्या लागतात.

एकूण खर्च कापड १,२६०, सोल्युशन ३,१००, ब्रश, मास्क, क्लिपा धरून अजून चारेकशे, म्हणजे पावणेपाच हजार. वाचले ते पावणेतीन हजार आणि गेला तो एक पूर्ण रविवार. नुसत्या पैशासाठी करत असाल तर मी म्हणेन कुशनवाल्याकडे जा. स्वतःच्या हाताने साफ करायचं असेल तर करा.

कापडाला माझ्याकडून पूर्ण मार्क, रंग उडाला नाही, दोनदा ओल्या फडक्याने पुसलं तरी गोळे आले नाहीत. सोल्युशनलाही पूर्ण. मे महिन्यात गाडी रोज ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी होती, कुठे फुगा नाही. ऑगस्टमध्ये मात्र मागच्या उजव्या कोपऱ्यात वीतभर कापड उचललं. उचकटून बघितलं तर आत बोर्डवर तीच गुळाच्या रंगाची पावडर. सोल्युशनची थोडी पण चूक नव्हती. गेल्या रविवारी तेवढी जागा मोकळी केली, घासली, यावेळी रुमाल चार वेळा फिरवला आणि डब्यात उरलेल्या सोल्युशनमध्ये परत लावलं. काल बाबा आणि आई मागे बसून वाईला जाऊन आले, बाबा जाताना येताना सरळ बसले होते.